डावीकडे काही नाही

शनिवारी सकाळी साडेनऊच्या बोटीतून उतरलेली माणसं संपली असं समजून ऑरिस प्रॉक्टरने धक्क्यावरच्या जकात तपासणीच्या टेबलावरची वही मिटली, पेन खिशाला अडकवलं, आणि नेमक्या त्याच वेळी त्याच्या डाव्या कानाशी कुणीतरी म्हणालं, "मी काय भूत आहे का रे?" ऑरिस दचकला. मान वळवली तर हातभर अंतरावर मिस इल्वा उभ्या होत्या, दोन्ही हातांत फुगलेल्या पिशव्या, डोक्यावर तीच ती जांभळी टोपी, जी दर शनिवारी समोरच्या सेंट मार्टिन बेटावर स्वस्त सामान आणायला जायची आणि यायची. "मघापासून उभी आहे मी. हाक मारणार होते, पण म्हटलं, आज मॅच आहे, पोराच्या डोक्यात विचार चालले असतील." "तेच चाललंय, मिस इल्वा," तो म्हणाला. "चालू दे की मग. पण पिशव्या तरी बघ. कांदे आहेत, साबण आहे, आणि आमच्या म्हाताऱ्याची एक बाटली आहे, ती नाही दिसली तुला तरी चालेल." तो हसला. हसताना त्याच्या पाठीवरून घामाची एक धार सरळ खाली उतरली. जांभळी टोपी. उन्हात, पांढऱ्या भिंतीसमोर, हातभर अंतरावर. त्याने पिशवीत उगीच हात घातला, कांदे चाचपले आणि जा म्हणून मान हलवली. मिस इल्वा दोन पावलं गेल्या, थांबल्या आणि वळून त्याच्याकडे बघत राहिल्या. नुसतं बघणंच ते, पण आपल्याला कुणीतरी उघडं पाडतंय असं ऑरिसला वाटलं.

धक्क्याच्या मागे एक मोडकी भिंत आहे, तिच्या सावलीत बकऱ्या बसतात. बकऱ्या कुणाला काही सांगत नाहीत. गेली दोन वर्षं ऑरिस रोज सकाळी तिथे जाऊन एक गोष्ट करायचा, आणि आज तो ती दुसऱ्यांदा करायला गेला. समोर समुद्रातल्या एका ठिपक्यावर नजर रोवायची, डावा हात खांद्याच्या रेषेत ताणायचा, अंगठा हलवायचा, आणि हात हळूहळू पुढे आणायचा, अंगठा दिसेपर्यंत. पहिल्यांदा केलं तेव्हा कानाच्या जरासा पुढे आल्यावर अंगठा दिसला होता. ख्रिसमसला गालाशी आला. आता हात जवळजवळ नाकासमोर येईपर्यंत काहीच नव्हतं. आणि हे काहीच नसणं काळं नव्हतं, हीच त्यातली भयंकर गोष्ट होती. काळं असतं तर माणसाला कळलं असतं की इथे भिंत आहे. इथे भिंतच नव्हती. समुद्र होता, आकाश होतं, सगळं नीट जोडलेलं होतं, फक्त त्यात त्याचा स्वतःचा हात नव्हता. आज त्याने उजव्या बाजूलाही तसंच करून बघितलं. उजवा अंगठा पूर्वी खांद्यापासूनच दिसायचा. आज तो थोडा उशिरा दिसला. थोडाच. त्याने पुन्हा केलं. पुन्हा थोडा उशिरा. मग एक बकरी उठून निघून गेली.

डॉक्टरकडे जायला काही हरकत नव्हती. डोळ्यांचा डॉक्टर दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी दुसऱ्या बेटावरून येतो, दवाखान्याबाहेर रस्त्याला लागून लांब बाक आहे, त्यावर माणसं ओळीने बसतात, आणि रस्त्याने जाणारी प्रत्येक गाडी हॉर्न वाजवून विचारते, काय झालं रे, कुणाला झालं. पंधरा हजार माणसांच्या या बेटावर त्या बाकावर दहा मिनिटं बसणं म्हणजे चर्चच्या घंटेला लटकणं. राष्ट्रीय फुटबॉल संघाचा गोलरक्षक डोळे दाखवायला बसला, हे वाक्य दुपारच्या जेवणाच्या आत बेटाच्या दोन्ही टोकांना पोचलं असतं. आणि मग? मग हातमोजे गेले. मागोमाग गाडीचा परवाना, मग हे टेबल, ही वही. पण खरं सांगायचं तर ऑरिसला या गोष्टींची एवढी भीती नव्हती. त्याला भीती होती त्या खुर्चीची. आयलंड हार्बरच्या घरात ओसरीवर एक निळी खुर्ची होती, आणि तिच्यात त्याचे वडील, कप्तान थिओफिलस प्रॉक्टर, शेवटची सहा वर्षं समुद्राकडे तोंड करून बसले होते. पडदा हलला तरी विचारायचे, "कोण आहे?" कुणी उत्तर दिलं नाही की हात पुढे करून हवा चाचपायचे. आई म्हणायची, वारा आहे हो. ते म्हणायचे, "वारा नाही, कुणीतरी उभं आहे." खुर्ची अजून आहे. ऑरिसने ती जाळली नाही, कुणाला दिली नाही, आणि तिच्यात कधी बसलाही नाही.

दुपारी घरी त्याच्या बायकोने, मार्व्हाने, मासा आणि तळलेल्या गरम पोळ्या वाढल्या. ती शाळेत मास्तरीण, मोजकं बोलणारी. "थोडंच खा. मागच्या वेळी पूर्वार्धात ढेकर देत होतास." "तुला काय स्टँडमधून ऐकू येतात ढेकर?" "तीनशे माणसं असतात, ऑरिस. तुझ्या ढेकरांनाही चाहते आहेत." तो हसला, पाण्याच्या ग्लासाकडे हात नेला, आणि हात तसाच राहिला. ग्लास उजवीकडे होता. तवा, मिठाची बरणी, केळी, चाव्या, सगळं उजवीकडे. लग्नाला अकरा वर्षं झाली, आणि मार्व्हा डावखुरी. तिच्या घरात सगळं नेहमी डावीकडे असायचं, त्यावरून सुरुवातीला भांडणंही झाली होती. हे कधी बदललं? त्याने तिच्याकडे बघितलं. ती मासा निवडत होती, मान खाली घालून, गरजेपेक्षा जास्त काळजीने. तिला कळलंय, असं त्याला वाटलं, आणि लगेच वाटलं, नाही, कळलं असतं तर बोलली असती. मग वाटलं, नाही, ही बोलली नसती. तिने त्याचे हातमोजे पिशवीत भरले, बाटली भरली आणि दारापर्यंत आली. बाहेर पडताना त्याने चौकटीला डावा हात लावला. वडील असाच लावायचे. हात मागे घेतला तेव्हा मार्व्हा त्या हाताकडेच बघत होती.

मैदानावर तीनशे नाही, चारशे माणसं होती. पाहुणा संघ व्हर्जिन बेटांचा, म्हणजे जगाच्या यादीत आपल्यासारखाच तळाला बसलेला, आणि तळाला बसलेल्यांच्या भांडणाला गर्दी जास्त होते. सगळ्या खेळाडूंना दुसरं काम होतं: कुणी हॉटेलात पाव भाजायचा, कुणी विमानतळावर आगीच्या बंबावर, डाव्या बगलेचा बचावपटू डेन्झिल सुतारकाम करायचा. प्रशिक्षक म्हणजे शाळेतले कवायतीचे मास्तर, त्यांना सगळे टीचर बायरन म्हणत, साठीचे मुख्याध्यापकसुद्धा. "आज एकच सांगतो," टीचर बायरन म्हणाले. "चार वर्षांत असा एकही सामना नाही ज्यात आपण गोल खाल्ला नाही. जिंकणं राहू द्या. आज एवढं एकच दार बंद ठेवा." सगळ्यांनी ऑरिसकडे बघितलं. डेन्झिल म्हणाला, "दाराला कडी आहे, टीचर. फक्त जरा गंजलीय." हशा झाला. ऑरिसही हसला, आणि हातमोज्यांचे पट्टे पुन्हा एकदा आवळले.

गोलात उभं राहिल्यावर त्याने आधी डावा खांब हाताने शिवला, मग उजवा. दर वेळी शिवायचा. लोकांना वाटायचं मंत्र आहे. शाळेतली मुलं त्याची नक्कल करायची, बेंचला शिवून पेपर लिहायला बसायची. मंत्र कसला, तो चाचपत होता. आणि डाव्या खांबाच्या मागे, चुन्याच्या रेषेपलीकडे, पालथ्या घातलेल्या खोक्यावर एग्बर्ट अंकल बसलेले होते. ते दिसत नव्हते, पण होते. बारा वर्षं होते. ऑरिसने पहिला सामना खेळला त्या दिवसापासून हा म्हातारा खोका घेऊन येतो, डाव्या खांबामागे बसतो, मध्यंतराला खोका उचलून मैदानाला वळसा घालतो आणि दुसऱ्या गोलाच्या डाव्या खांबामागे बसतो. एक शब्द बोलत नाही. टाळी वाजवत नाही. वाजवणार कशी, उजव्या हाताला दोनच बोटं आहेत. लोक म्हणत, जुन्या कप्तानाच्या पोरावर जीव आहे म्हाताऱ्याचा. ऑरिसला माहीत होतं तसं नाही. म्हातारा वाट बघत बसला होता. बापाचं जे झालं ते पोराचं होताना बघायला.

कारण ऑरिस त्या होडीत होता. दहा वर्षांचा, तळातलं पाणी डब्याने बाहेर टाकायच्या कामावर. ऑगस्टची शर्यत, वडिलांची होडी 'मिस इडालिया' सगळ्यांच्या पुढे, किनाऱ्यावर अख्खं बेट. आमच्याकडे होडीपेक्षा शीड मोठं, इतकं मोठं की सुकाणूवरच्या कप्तानाला शिडाआडची बाजू दिसतच नाही. मग होडीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, एक टेहळ्या बसतो आणि ओरडून सांगतो. दुसरी होडी अंगावर येताना दिसली की तो 'हार्ड ली' म्हणतो, आणि कप्तानाने त्या क्षणी सुकाणू फिरवायचं. विचारायचं नाही, बघायचं नाही. बेटावर नवरा-बायकोचं एकवेळ पटणार नाही, पण या हाकेवर वाद होत नाही. टेहळ्या होते एग्बर्ट. ते ओरडले, "हार्ड ली." वडिलांनी सुकाणू फिरवलं नाही. दुसऱ्यांदा ओरडले. त्या क्षणी शीड वाऱ्यात जरा वर उचललं गेलं, आणि ऑरिसला पलीकडची होडी दिसली, एवढी मोठी, एवढी जवळ, तिच्यावरच्या माणसांची तोंडं उघडी. वडिलांनीही मान वळवून थेट तिकडेच बघितलं. बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "डावीकडे काही नाही." तिसऱ्यांदा एग्बर्ट ओरडले तेव्हा लाकडाचा आवाज झाला. मधे एग्बर्टचा हात होता, होडी ढकलायला पुढे केलेला. ते बेटावरचे सगळ्यात चांगले होडी बांधणारे होते. संध्याकाळी किनाऱ्यावर, हाताला रक्ताने भिजलेलं फडकं गुंडाळून, ते सगळ्यांना म्हणाले, "मीच उशिरा ओरडलो." वडील काही बोलले नाहीत. ऑरिसही बोलला नाही. पाण्याचा डबा हातात धरून उभा राहिला. सत्तावीस वर्षं झाली, आणि अजून बेटावर कुणी कामाला उशीर केला की म्हणतात, एग्बर्टची हाक.

पूर्वार्ध बरा गेला. डेन्झिलचं तोंड चालू होतं, नेहमीसारखं. हा माणूस खेळताना एक क्षण गप्प बसत नसे. "आला, आला, डावीकडून, लांब आहे अजून. आता नाही. आता मधे वळला. तुझ्या खांबाशी एक उभाय, लाल बुटांचा. सोड, बाहेर गेला." ऑरिसला पूर्वी या बडबडीचा वैताग यायचा; एकदा तो चिडून म्हणालाही होता, मी काय रेडिओ लावलाय का. डेन्झिल तेव्हा फक्त हसला होता आणि बोलत राहिला होता. मध्यंतर झालं, बाजू बदलल्या, म्हातारा खोका उचलून वळसा घालून आला. शून्य-शून्य. साठाव्या मिनिटाला डेन्झिल घसरला आणि मांडी धरून खाली बसला, आणि उठला नाही. दोघांनी त्याला उचललं. बदली यायला जेरेल तयार होता, इंग्लंडात वाढलेला, आजीच्या नात्याने संघात आलेला, छान खेळणारा आणि अबोल. बाहेर जाताना डेन्झिलने त्याचा दंड पकडला. ऑरिस दहा पावलांवर होता. "पायाचं राहू दे," डेन्झिल म्हणाला. "तोंड चालू ठेव. त्याच्यासाठी बोलत राहायचं, कळलं? सगळं सांगायचं." जेरेलने मान हलवली, त्याला काहीही कळलेलं नव्हतं. डेन्झिलने ऑरिसकडे एकदा बघितलं आणि नजर खाली घातली.

म्हणजे याला माहीत होतं. किती दिवस? ती सगळी बडबड, दोन वर्षांची, घसा बसेपर्यंतची. ऑरिसला लाज वाटायला हवी होती, किंवा बरं वाटायला हवं होतं, पण त्याला फक्त भीती वाटली, कारण आता शांत झालं होतं. जेरेल जागेवर उभा राहिला आणि काही बोलला नाही. लोक ओरडत होते, गाड्यांमधून गाणी लागली होती, आणि तरीही डावीकडे एवढं मोकळं, एवढं निःशब्द होतं की त्यात कुणीही, काहीही उभं असू शकत होतं. त्याने खांब शिवला. खांब होता. हात काढला, खांब गेला. आता एकटे डोळे, आणि डोळे सांगत होते की सगळं ठीक आहे, गवत आहे, आकाश आहे, डावीकडे काही नाही. वडिलांना तसंच दिसलं असणार, हे त्याला पहिल्यांदा कळलं. ते खोटं बोलले नव्हते. त्यांनी बघितलं होतं, आणि त्यांना खरोखरच स्वच्छ, रिकामा समुद्र दिसला होता. मग हाक ऐकायची की स्वतःचे डोळे? हात वर करून बाहेर जावं, पोट दुखतंय म्हणावं. कुणी काही म्हटलं नसतं. वडिलांनाही कुणी काही म्हटलं नव्हतं.

शहात्तराव्या मिनिटाला पाहुण्यांना डाव्या कोपऱ्यातून किक मिळाली. ऑरिसने मान पूर्ण वळवली तेव्हा कोपऱ्यातला माणूस दिसला, पण मग समोरची गर्दी गेली. मान परत आणली, माणूस गेला. दोन्हीपैकी एकच मिळणार होतं. "जेरेल," तो म्हणाला. "जेरेल, बोल." जेरेलने वळून बघितलं. "काय बोलू?" आणि मग ऑरिस ओरडला. ओरडायचं त्याने ठरवलं नव्हतं. दहा वर्षांचा असताना जे ओरडायचं राहून गेलं होतं तेच बाहेर आलं असावं. "मला डावीकडचं दिसत नाही. काही दिसत नाही. सांग मला." छोटं मैदान, उघडा वारा. सगळ्यांनी ऐकलं. गाड्यांमधली गाणी कुणीतरी बंद केली. स्टँडमध्ये मार्व्हा उठून उभी राहिली होती, ती मात्र त्याला दिसली, उजवीकडे होती. पंचाने शिट्टी वाजवली. जेरेलचं तोंड उघडं होतं आणि त्यातून शब्द निघत नव्हता. किक बसल्याचा आवाज आला, चेंडू निघाला, आणि त्या बाजूला काहीच नव्हतं, नुसतं आकाश.

"हार्ड ली."

मागून आलं, डाव्या खांबाकडून. घोगरा, म्हातारा आवाज, पण होडीच्या नाळेवरून सुकाणूपर्यंत पोचेल असा. ऑरिसच्या डोळ्यांनी सांगितलं, तिकडे काही नाही. "हार्ड ली." दुसऱ्यांदा. तिसऱ्याची वाट न बघता त्याने डोळे मिटले आणि डावीकडे, काही नसलेल्या जागेत, सगळं अंग झोकून दिलं. मनगटावर काहीतरी आदळलं, कठीण, जड, खरं. मग गवत तोंडात गेलं, आणि चारशे माणसांचा आवाज त्याच्यावरून गेला. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला होता, असं नंतर कळलं.

दार शेवटपर्यंत बंद राहिलं नाही. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला एक गोल झालाच, उजवीकडून, त्याला लख्ख दिसत असताना, आणि एक-शून्यने आपण हरलो, नेहमीप्रमाणे. टीचर बायरननी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, उजव्या. "मंगळवारी दवाखान्यात मी येतो बरोबर," ते म्हणाले. "बाकावर दोघं बसू. त्यांना काय हॉर्न वाजवायचे ते वाजवू देत." ऑरिसने मान हलवली. भीती गेली नव्हती. ती उजव्या अंगठ्याच्या जागी बसून होती आणि तिला घाई नव्हती. निळी खुर्ची ओसरीवर होतीच. त्याने हातमोजे काढले आणि गोलामागे गेला.

एग्बर्ट अंकल खोका काखेत मारून उभे होते, निघायच्या तयारीत. लोक भोवती होते, डेन्झिल एका पायावर, मिस इल्वा त्यांच्या जांभळ्या टोपीसकट. म्हाताऱ्याने ऑरिसकडे बघितलं नाही, चुन्याच्या रेषेकडे बघितलं आणि दोन बोटांनी हनुवटी खाजवली.

"आज वेळेवर ओरडलो ना?" त्यांनी विचारलं.

ऑरिस बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"तुम्ही त्या दिवशीही वेळेवरच ओरडला होता, अंकल. तीनदा. मी होतो होडीत."